आरिओकोतची कणगी

माझा भाऊ एजोकू फोन करतो तेव्हा आधी हवापाण्याचं बोलतो, मग गाईचं, मग पोरीच्या शाळेचं, आणि खरं काम असेल ते फोन ठेवता ठेवता. माझं उलट आहे. माझ्या पोटात काही राहत नाही. म्हणून त्या दिवशी मी त्याला सरळच विचारलं, "वहिनीच्या कणगीत नाचणी आहे ना अजून?"

आरिओकोत, म्हणजे त्याची बायको, जाऊन दोन वर्षं होत आली होती. मेलेल्या बाईच्या कणगीबद्दल असं भर दुपारी फोनवर कुणी विचारत नाही. मलाही तेवढं कळतं. पण सकाळपासून मी जे बघत बसले होते ते बघून कुणाचीही जीभ घसरली असती. एजोकू शेवटी एवढंच म्हणाला की गाय बरी आहे, आणि फोन ठेवून दिला.

मी सोरोटी शहराच्या बाजूला एका संशोधन केंद्रात काम करते. काम काय, तर नाचणीवर करपा आणणारी बुरशी आणि खुद्द नाचणी, दोघींचे जीनोम शेजारी शेजारी मांडून बघायचे. जीनोम म्हणजे त्या जिवाची अख्खी घडण, चार अक्षरांत लिहिलेली, आणि वाचायला बसलात तर जन्म पुरणार नाही इतकी लांब. एजोकू मला चिडवायचा की दिवसभर अक्षरं बघून तुला मिळतं काय. मी म्हणायचे, भांडण मिळतं. बुरशी पानात शिरताना बारीक बारीक प्रथिनं आत सोडते, नाचणीला गुंगवायला. नाचणीकडे तिचे राखणदार असतात. पण हा राखणदार म्हणजे एकाच वासाला भुंकणारं कुत्रं. तो वास आला तर घर डोक्यावर घेईल, नाही आला तर चोर उशाशी येऊन बसला तरी ढिम्म. बुरशी महालबाड. ती आपल्या जीनोममधला तेवढा तुकडाच गाळून टाकते आणि पुढच्या हंगामाला राजरोस आत येते.

आमच्या टेसो भागातल्या सगळ्या नाचण्यांचं तेच झालं होतं. गेल्या काही हंगामांत गोळा केलेली बुरशी मी एकेक करून वाचली. आमच्या नाचण्यांची कुत्री ज्या ज्या वासाला भुंकतात, तो तो वास बुरशीनं टाकून दिलेला. सगळी गावं झोपलेली. केंद्रानं वाटलेले नवे वाणही झोपलेले. मी रोज संध्याकाळी डोकं धरून घरी जायचे.

आणि मग ते एक पान. पाच वर्षांपूर्वी आम्ही गावोगाव फिरून नाचणीची पानं आणि रोगट कणसं आणली होती. नाचणी तेव्हा फुलोऱ्यात होती, दाणा धरायचा होता, त्यामुळे बी कुणाकडूनच घेतलं नाही. पानं सुकवली, फ्रीजरमध्ये टाकली आणि तिथंच राहिली, कारण आमच्याकडे आधी यंत्र नव्हतं, मग यंत्राचं रसायन नव्हतं, मग वीज नव्हती. आता कुठं त्यांची पाळी आली होती. त्यातल्या एका पानात असा एक राखणदार निघाला जो दुसऱ्या कुठल्याच नाचणीत नाही. आणि तो ज्या वासाला भुंकतो तो प्रत्येक गावच्या बुरशीत अजून शाबूत होता, गेल्या महिन्यात आणलेल्या बुरशीतसुद्धा. एक अक्षर बदललेलं नाही. मला वाटतं तो तुकडा तिला टाकताच येत नाही, त्याच्याशिवाय तिचं चालत नसावं. म्हणजे ही नाचणी लावली तर करपा दारातूनच परत जाणार.

ते पान माझ्या वहिनीच्या शेतातलं होतं.

आमच्या केंद्राच्या कपाटात जेवढे वाण आहेत तेवढे मी धुंडाळले. नैरोबीच्या मैत्रिणीला सांगून तिथले बघून घेतले. कुठं काही नाही. ती नाचणी आरिओकोतनं माहेराहून आणली होती. तिच्या आईनं, म्हणजे आम्ही सगळे जिला तोतो म्हणतो तिनं, लेकीच्या लग्नात घरातलं सगळं जुनं बियाणं लेकीला दिलं आणि स्वतः नवीन वाण पेरायला घेतला. चुलीवर धुरात टांगलेली बियाण्याची कणसं आरिओकोतच्या मयताला जमलेल्या लोकांसाठी बायकांनी काढून दळली, कारण माणसं फार आली होती. राहिली ती कणगी. पानातून अक्षरं निघाली होती, पण अक्षरं काही कुणाला पेरता येत नाहीत. मला दाणा हवा होता, मूठभर, जिवंत.

पुढच्या आठवड्यात मी बोडा, म्हणजे भाड्याची मोटरसायकल, करून गावी गेले. मोटरसायकलवाला वाटभर बोलत होता आणि मी दोन्ही बाजूंची शेतं बघत होते. लांबून नाचणी झकास दिसत होती. जवळ गेलं की कळायचं, माना काळ्या पडून मोडलेल्या, कणसाची बोटं पांढरी आणि पोकळ. मी एका ठिकाणी उतरून एक कणीस हातावर चोळलं. नुसता भुसा उडाला. बोडावाला म्हणाला की त्याच्या आईचंही असंच झालंय, तुम्ही शिकलेले लोक काहीतरी करा. मी म्हटलं करतेय, आणि परत बसले.

कणगी एजोकूच्या चुलीघराच्या मागं, तीन दगडांवर उभी होती, शेणामातीनं लिंपलेली, वर गवताची टोपी. तोंड तिचं मरणाच्या दिवशी मातीनं बंद केलेलं. आमच्यात बायकोच्या कणगीत नवरा डोकावत नाही, ती जिवंत असतानाही नाही. किती आहे, किती उरलं, हे तिचं तिला माहीत. आणि ती गेली तर आमच्या कुळाची रीत अशी की तिच्या माहेरच्यांनी यायचं, त्या घरच्या शेतात तिच्या मरणानंतर पिकलेल्या नाचणीची आजोन, म्हणजे आंबवलेली दारू, प्यायची, आणि मग तिच्या आईनं पहिला हात कणगीत घालायचा. तोवर कुणी हात लावायचा नाही, वरचं गवतसुद्धा बदलायचं नाही. लावला तर मेलेलीची लेकरं खोकतात, आणि ते खोकणं थांबत नाही.

तर बघा आता. कणगी उघडायला आजोन पाहिजे, आजोनला नाचणी पाहिजे, आणि एजोकूची नाचणी दोन्ही वर्षं करप्यानं खाल्लेली. ती वाचवणारं बियाणं कणगीत. हसावं का रडावं ते मला कळत नव्हतं. त्यातच गवताची टोपी एका बाजूनं बसली होती आणि दगडावरून वाळवीची ओली रेघ कणगीच्या बुडापर्यंत गेलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली.

माझ्याकडे एक पोकळ सळई असते, पोत्यात खुपसून धान्याचा नमुना काढायची. मी ती पिशवीतून काढली. म्हटलं तोंड तर उघडत नाही ना, बुडाशी एक बारीकसं भोक, मूठभर दाणे, वर चिखलाचा गोळा, कुणाच्या बापाला कळणार नाही. एजोकू गोठ्यातून आला आणि माझ्या आणि कणगीच्या मधे उभा राहिला. तो ओरडला नाही. त्याची सहा वर्षांची पोर, अगुती, अंगणात शेंगा सोलत बसली होती, तिच्याकडे त्यानं एकदा बघितलं.

"असेकेन्ये," तो म्हणाला, "तुझ्या सळईनंतर ही पोर खोकायला लागली, तर कुठं चुकलं ते तुझं यंत्र मला सांगेल?"

मी म्हटलं की करप्यानं सगळा जिल्हा उपाशी मरेल ते चालेल का. तो म्हणाला की जिल्ह्याचं त्याला माहीत नाही, त्याला एकच पोर आहे. मी शिकलेली बाई. माझा ह्या खोकण्यावर विश्वास आहे का, असं मला विचारू नका. मी सळई परत पिशवीत घातली एवढं खरं.

मग मी तोतोकडे गेले, दलदलीच्या पलीकडे. एजोकू काही येऊ शकत नव्हता, जावई सासूच्या समोर उभा राहत नाही, रस्त्यात दिसली तरी झुडपात शिरतो. तोतो रताळ्याच्या चकत्या उन्हात पसरत होती. तिनं मला आधी आताप, म्हणजे पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, खायला घातला, चवळीच्या पाल्याच्या भाजीबरोबर, आणि आताप कसाव्याचाच होता, नाचणीचा त्यात वाससुद्धा नव्हता. मी खाता खाता सगळं सांगितलं, बुरशी, राखणदार, वाळवी. मग विचारलं की बाजारातून नाचणी आणून आजोन केली तर. तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की मी घास गिळायला विसरले.

"मला काय हौस आहे का गं?" ती म्हणाली. "माझ्या लेकीचा हात त्या कणगीत शेवटचा फिरला. मला रोज वाटतं उठावं आणि माझा हात तिथं घालावा. पण त्या घरच्या मातीतली आजोन माझ्या ओठाला लागल्याशिवाय घातला, तर खोकेल कोण? माझीच नात ना?"

मग मी तिला म्हटलं की मातीतलीच पाहिजे ना, मग मी मातीतलीच आणते. ती म्हणाली, आण.

त्या हंगामात मी एजोकूच्या अंगणाशेजारी साध्या नाचणीचा एक लहानसा तुकडा पेरला आणि त्याच्यावर करप्याचं औषध मारायला सुरुवात केली. दर आठवड्याला केंद्रातून सुटी काढून यायचं, पाठीवर पंप अडकवायचा, तोंडाला फडकं बांधायचं. एवढं औषध कुठल्याही शेतकऱ्याला परवडणार नाही आणि जमिनीलाही परवडणार नाही, हे मला ठाऊक होतं. अंगणापुरतं चाललं. आजूबाजूच्या बायका कुंपणाशी उभ्या राहून मजा बघायच्या. एक म्हणाली, असेकेन्येची नाचणी बाळंतीण आहे, तिला रोज अंघोळ लागते. मी म्हटलं बारशाला या, आजोन आहे. एजोकू लाजून गोठ्यात जाऊन बसायचा. शेजारची शेतं पुन्हा काळी पडली, माझा तुकडा तेवढा हिरवा राहिला आणि मग पिवळा झाला. एक मोठी टोपली भरली. मी ती टोपली वहिनीच्या चुलीघरात ठेवली आणि तिथंच खाली बसून रडले, थकून.

आता आमच्या कुळातल्या म्हाताऱ्यांनी शंका काढली की औषध पिऊन वाढलेली नाचणी ह्या कामाला चालते का. ओक्वालिंगा काका आमच्यातला सर्वांत वडील. त्यानं मूठभर दाणे हुंगले, दोन दाताखाली चावले आणि सगळ्यांकडे बघितलं.

"दवाखान्याचं औषध पिऊन वाढलेल्या सुना आपण घरात घेतल्याच ना," तो म्हणाला. "आणि मला तहान लागलीय."

तिथं विषय संपला. बायकांनी पीठ भिजवून खड्ड्यात पुरलं, मग काढून मोठ्या पत्र्यावर भाजलं, उन्हात वाळवलं, थोड्या दाण्यांना मोड आणून ते दळून त्यात मिसळलं. अंगणात आंबूस गोड वास सुटला. दोन वर्षं त्या घरात तो वास नव्हता, आणि एजोकू उगाचच सारखा तिकडून इकडे फिरत होता. मला वाटलं आता हे होणार. मी केंद्रात फोन करून सांगून टाकलं की कुंड्या भरून ठेवा, सोमवारी बी घेऊन येते.

तोतो सकाळी आली, तिच्या कुळातली माणसं आणि बायका घेऊन. एजोकू त्या क्षणाला घरामागच्या गोठ्याच्या आडोशाला गेला आणि दिवसभर तिथंच राहिला. घर त्याचं, पाहुणे त्याचे, आणि तो आपला गाईच्या मागं उभा. कुणाला काय हवं नको ते अगुतीला पाठवून विचारत होता. अंगणात मडकं मधे ठेवलं, गरम पाणी ओतलं, माणसं भोवती बसली, लांब नळ्या मडक्यात गेल्या. तोतोला पहिली नळी दिली. तिनं एक घोट ओढला, डोळे मिटून गिळला, आणि नळी परत देऊन उठली. कणगीपाशी दोघींनीच जायचं असतं, मेलेलीच्या आईनं आणि नवऱ्याच्या बहिणीनं. बाकीचे अंगणातून फक्त कान देतात. मी टोपली घेऊन तिच्या मागं गेले.

तोतोनं कुदळीच्या दांड्यानं तोंडाची माती फोडली. आतून कोंदट वास आला. ती बुटकी आहे, म्हणून दगडावर चढली आणि हात आत घातला, कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत, गाल कणगीच्या भिंतीला टेकला. मी टोपली धरून उभी. तिचा हात आत हळूहळू फिरत होता. मला वाटलं लेकीची आठवण काढतेय, काढू दे. खूप वेळ झाला. अंगणातलं बोलणंही थांबलं होतं. मला तिचा एकच डोळा दिसत होता, तो माझ्याकडे बघत होता आणि बघतच नव्हता.

मग तिनं मान वळवून अंगणाकडे मोठ्यानं सांगितलं, "माझ्या लेकीनं बियाण्यापुरतं ठेवलंय."

अंगणात बायकांनी एकदम आनंदाचा चित्कार केला. मी मनातल्या मनात त्या सगळ्या बुरशीला अशी शिवी हासडली की काय सांगू. वाळवीनं खाल्लं नव्हतं, पाण्यानं कुजलं नव्हतं. मी टोपली पुढं केली. तोतोनं टोपली घेतली नाही. तिनं माझं मनगट धरलं, मला दगडावर ओढून घेतलं आणि माझा हात आत घातला.

बोटांना कणगीचं बूड लागलं. मी हात ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवला. थोडी वाळवीची माती होती, थोडा भुसा. ओलं काही नव्हतं, कुजल्याचं काही नव्हतं, कारण कुजायला आधी काही असावं लागतं. कणगी रिकामी होती. बंद केली तेव्हाच रिकामी असणार.

तोतो माझ्या कानाशी बोलायला लागली, इतकं हळू की मला तिच्या तोंडाची ऊब लागत होती. "दर बाजाराला पीठ पाठवायची मला. माझ्या शेतात काही येतच नव्हतं. मी विचारायची, तुम्हाला पुरतं का गं? म्हणायची, कणगी गळ्यापर्यंत भरलीय, तोतो, तू खा." मग म्हणाली, "मी खाल्लं."

माझा हात अजून आतच होता.

"कणगी रिकामी ठेवून गेली, असं माझ्या लेकीला कुणी म्हणायला नको," ती म्हणाली. "ह्या अंगणात नाही. तू म्हणणार नाहीस. तुझा भाऊही नाही."

मला तिचा राग आला, खोटं सांगू नये. मेलेल्या वहिनीचाही आला, की बाई, कणगीत मूठभर तरी ठेवायची होतीस. लगेच त्या रागाची लाज वाटली. ती गेली त्या वर्षी मी दोनदा गावी येऊन गेले होते, तिनंच मला आताप वाढला होता आणि वर आग्रह केला होता. मला एवढंच कळत होतं की हा हात बाहेर काढल्यावर मला एक चेहरा करून अंगणात जायचंय, आणि तो चेहरा मला सापडत नव्हता. तोतोनं कमरेचं फडकं सोडलं, आतली माती आणि भुसा ओंजळीनं काढून त्यात घेतला, घट्ट गाठ मारली आणि ते गाठोडं माझ्या टोपलीत ठेवलं. मी ते डोक्यावर घेऊन अंगणात आले. बायका नाचत पुढं आल्या. ज्या मला कुंपणापाशी चिडवायच्या त्यांनी माझे गाल धरले. एकीनं विचारलं, आमच्यापर्यंत पोचेल ना गं हे? मी म्हटलं पोचेल. ओक्वालिंगा काकानं मला नळी दिली आणि मी प्याले. आजोन चांगली झाली होती.

पाहुणे उन्हं कलताना गेले. तोतो दलदलीच्या वळणाआड गेली तेव्हा एजोकू गोठ्याआडून बाहेर आला. कपड्यांना गवत चिकटलेलं, दिवसभरात पाण्याशिवाय काही प्यायलेला नाही. त्यानं टोपलीतलं गाठोडं दोन्ही हातांनी उचललं.

"दाखव ना एकदा," तो म्हणाला.

"उघडायचं नाही," मी म्हटलं. "केंद्रात नेईपर्यंत हवा लागली की उगवण जाते."

इतकं बिनबुडाचं मी आयुष्यात बोलले नव्हते. बियाणं चुलीवर उघडं टांगणाऱ्या घरातला माणूस तो, त्यानं माझ्या तोंडावर हसायला हवं होतं. पण मी केंद्रातली, मी यंत्रवाली, म्हणून त्यानं मान डोलावली आणि गाठ आणखी घट्ट केली. मग हातात तोलून बघितलं आणि म्हणाला हलकं आहे. मी म्हटलं बियाणं थोडंच लागतं.

तो तिथंच कणगीच्या दगडावर बसला. गाठोडं त्यानं मांडीवर ठेवलं.

"तुला सांगतो," तो म्हणाला, "त्या शेवटच्या वर्षी ती फार कमी जेवायची. मला आणि पोरीला वाढायची आणि म्हणायची मला भूक नाही. मग तो ताप आला, चार दिवसांत गेली. अंगात काही राहिलंच नव्हतं. मला दोन वर्षं वाटत होतं की घरात नव्हतं म्हणून ती जेवत नव्हती, आणि मला कळलं नाही. मी कणगीत बघू शकत नव्हतो ना." त्यानं गाठोड्यावर हात फिरवला. "पण कणगीत होतं. म्हणजे तिला खरंच भूक नव्हती."

मी हो म्हटलं. तो रडत होता आणि त्याला बरं वाटत होतं, आणि ते बरं वाटणं माझ्या एका वाक्यावर उभं होतं. अगुती येऊन त्याच्या पाठीला टेकून उभी राहिली. मी गाठोडं टोपलीत घातलं आणि बोडावाल्याला फोन केला.

केंद्रात मी ती माती पांढऱ्या कागदावर पसरून नखानं चाळली. दोन दाणे सापडले, दोन्ही पोकळ, वाळवीनं आतून खाल्लेले. तरी मी ते ओल्या कापडात ठेवले, आणि रोज बघितले, आणि बुरशी आली तेव्हा फेकले. भुसा उरला होता. तो मी यंत्राला घातला. वाळक्या भुशातूनही वाचता येतं, तेवढी आमची विद्या पुढं गेलीय. अक्षर न् अक्षर जुळलं. तोच राखणदार, तसाच, जागच्या जागी. माझ्या वरिष्ठांनी माझी पाठ थोपटली आणि म्हणाले ह्यावर छान निबंध होईल, परिषदेला पाठवू. दुसऱ्या देशात कुणीतरी कधीतरी हा तुकडा उचलून दुसऱ्या नाचणीत बसवील, असंही म्हणाले. कधी, ते त्यांना माहीत नाही. मलाही नाही. मी निबंध लिहिला. माझ्यासाठी भरून ठेवलेल्या कुंड्यांत केंद्रातल्या पोरांनी टोमॅटो लावले.

तोतोला मी बाजारात एकदा भेटले. आम्ही रताळ्यांचं बोललो.

एजोकूचा फोन गेल्या आठवड्यात आला. पाऊस वेळेवर दिसतोय म्हणाला. गाय गाभण आहे म्हणाला. अगुती आता वाचायला लागलीय, दुकानांच्या पाट्या वाचत चालते आणि मागं राहते. मग फोन ठेवता ठेवता म्हणाला की आरिओकोतचं शेत त्यानं दोनदा नांगरून ठेवलंय, दगड वेचलेत, त्यात दुसरं काही पेरणार नाही.

"कधी पाठवतेस?" त्यानं विचारलं.

"अजून वाढवतोय इथं," मी म्हटलं. "पुढच्या हंगामाला."

"बरं," तो म्हणाला. "तोवर मी ते पडीक ठेवतो."